दहा हजारांत रोज एक: युद्धात, दुष्काळात मेलेल्यांचा आकडा येतो कुठून?

१९९४च्या जुलैमध्ये अवघ्या चार-पाच दिवसांत रवांडातली लाखो माणसं सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, गोमा शहराभोवती येऊन पडली. तिथली जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्याची, नुसता काळा कातळ. विहीर खणता येत नव्हती, संडासासाठी खड्डा घेता येत नव्हता आणि मेलेल्या माणसाला पुरताही येत नव्हतं. २० जुलैला कॉलरा असल्याचं पक्कं झालं. लोक आपल्या माणसाचं प्रेत चटईत गुंडाळून रस्त्याच्या कडेला आणून ठेवू लागले. ट्रक यायचे, प्रेतं उचलायचे आणि उचलताना ती मोजली जायची. पहिल्या महिन्यात हा आकडा पन्नास हजारांच्या जवळ पोचला.

मोजणाऱ्याच्या दृष्टीनं पाहिलं, तर इतकी उघडी मोजणी क्वचितच मिळते. एरवी प्रेतं रातोरात घरामागे पुरली जातात, नदीत सोडली जातात, नाहीतर रेशनकार्डावरचं एक नाव कमी होईल या भीतीनं मृत्यूच लपवला जातो. गोम्यात कातळामुळे काही लपलं नाही. तरीही तिथला मृत्युदर एका आकड्यात सांगता आला नाही. साथरोगतज्ज्ञांनी तो दर दहा हजार माणसांमागे रोज २० ते ३५ असा दिला.

मेलेले मोजलेले होते, मग एवढा फरक का? कारण छेद. शाळेतला अपूर्णांक आठवा: वर अंश, खाली छेद. अंशाच्या जागी पन्नास हजार मृत्यू होते, पण छेदात किती माणसं घालायची? पाच लाख की आठ लाख, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. माणसं अजून येत होती, एका छावणीतून दुसरीत जात होती. धान्याचं वाटप ज्यांच्या हातात गेलं होतं, त्या पुढाऱ्यांना डोकी जास्त दाखवण्यातच फायदा होता. पाच लाखांनी भागलं तर महिन्याभरात दहातला एक मेला. आठ लाखांनी भागलं तर सोळातला एक.

आपत्तीतल्या मृत्यूंच्या आकड्यांवर पुढे जे मोठे वाद झाले, त्यातले बरेच मला याच जागी आलेले दिसतात. बातमीत येतो तो अंश. वाद बऱ्याचदा असतो तो छेदाचा, आणि त्याहून अवघड अशा दुसऱ्या एका प्रश्नाचा: ही आपत्ती आलीच नसती, तर एरवी किती माणसं मेली असती?

आधी 'दहा हजारांमागे रोज' हे माप समजून घेऊ. सरकारी अहवालात मृत्युदर हजारी आणि वर्षाचा असतो. आपत्तीत वर्षभर थांबायला वेळ नसतो, म्हणून दिवसाचा हिशोब. दहा हजार वस्तीचं एखादं मोठं गाव डोळ्यांसमोर आणा. भारताचा मृत्युदर हजारी सहाच्या आसपास आहे. म्हणजे त्या गावात वर्षाला साठेक मृत्यू, महिन्याला पाच. स्मशानात सहा दिवसांतून एकदा चिता पेटते. दहा हजारांत रोज एक मृत्यू याचा अर्थ त्याच गावात रोज एक चिता. गोम्याचा आकडा म्हणजे रोज वीस ते पस्तीस, महिनाभर, न थांबता.

मदतकार्यात 'रोज एक' हीच आणीबाणीची रेषा मानली जाते, आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी 'रोज दोन'. ती कुठून आली, तर सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतला नेहमीचा मृत्युदर एके काळी रोज अर्ध्याच्या आसपास धरला जायचा, त्याची दुप्पट केली. पण आपल्या त्या गावात एरवी रोज ०.१६ मृत्यू होतात. तिथे दर तिप्पट होऊन अर्ध्यावर गेला, तरी रेषा ओलांडली जाणार नाही आणि कागदावर आणीबाणी दिसणार नाही. म्हणून आता मदतकार्याच्या मानकांत त्या त्या ठिकाणच्या नेहमीच्या दराची दुप्पट धरावी असं सांगितलेलं असतं. पण तो 'नेहमीचा दर' माहीत हवा ना! ज्या देशांत अशी वेळ येते, तिथे बहुधा जन्म-मृत्यूची नोंद आधीपासूनच धड नसते.

शितावरून भाताची परीक्षा

ट्रक मोजत नसतील, दवाखाने बंद असतील, नोंदणी कार्यालय जळालं असेल, तर दारोदार जाऊन विचारणं उरतं. सगळ्या घरांत जाणं शक्य नसतं, म्हणून काही घरं निवडायची. आपल्याकडे आयाबायांना हे शास्त्र कधीपासून ठाऊक आहे: भात झाला का हे बघायला सगळं पातेलं उपसावं लागत नाही, एक शीत दाबून पाहिलं की कळतं.

प्रत्यक्षात असं करतात. गावांची, छावण्यांची यादी घेऊन त्यातून लोकसंख्येच्या प्रमाणात साधारण तीस जागा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडायच्या. प्रत्येक जागी तीसच्या आसपास घरं. या प्रत्येक जागेला क्लस्टर म्हणतात. घरात गेल्यावर 'तुमच्याकडे कुणी वारलं का?' असं एकदम विचारायचं नसतं. आधी विचारायचं: अमुक दिवशी या घरात कोण कोण राहत होतं? आज कोण आहे? मधल्या काळात कोण जन्मलं, कोण येऊन राहिलं, कोण निघून गेलं? आणि मग, कोण वारलं, कशानं. असं विचारलं की अंश आणि छेद दोन्ही एकाच घरातून मिळतात. या पद्धतीचं खरं बळ हेच आहे.

ते 'अमुक दिवशी' ठरवणंसुद्धा कौशल्याचं काम आहे. तारीख सांगून उपयोग नसतो. आपली जुनी माणसं जन्मसाल सांगताना 'बहात्तरच्या दुष्काळात' म्हणतात, तसं तिथल्या आठवणीतलं टोक शोधावं लागतं: रमजानचा पहिला दिवस, निवडणूक, अमुक गावावरचा हल्ला. काळ फार लांबवला तर माणसं विसरतात, फार आखूड घेतला तर मृत्यू इतके थोडे सापडतात की हिशोबच डळमळतो.

किती थोडे, ते बघा. समजा ९०० घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे ४,५०० जण. काळ ९० दिवसांचा. गुणाकार केला की ४,०५,००० माणूस-दिवस होतात. यात ४० मृत्यू सापडले, तर दर येतो जवळजवळ नेमका एक, म्हणजे आणीबाणीची रेषा. आता यातले दहा मृत्यू कुणी सांगितलेच नाहीत असं धरा. दर पाऊणवर उतरतो. लाखो माणसांच्या वाटचं धान्य, पाणी, औषध ज्या आकड्यावर हलणार, तो आकडा दहा घरांतल्या गप्प बसण्यानं बदलतो.

आणि कोणते मृत्यू सांगायचे राहतात हेही सर्वेक्षण करणाऱ्यांना अनुभवानं कळलेलं आहे. बारशाआधीच गेलेलं बाळ. त्याला नाव नाही, आणि आईला ते 'घरातलं माणूस' म्हणून मोजायचं सुचत नाही, किंवा सुचलं तरी बोलवत नाही. म्हणून पोट दिसत असलेली, बाळंत झालेली बाई घरात होती का, हे वेगळं आणि हळुवारपणे विचारावं लागतं. दुसरी चूक तर कुठल्याही प्रश्नानं भरून येत नाही. ज्या घरातलं सगळं माणूस गेलं, त्या घराचं दार उघडायला कुणी नसतं. सर्वेक्षण जिवंत माणसांना विचारलं जातं, त्यामुळे पुरतं पुसलं गेलेलं कुटुंब त्यात येतच नाही. जिथे संहार सर्वांत मोठा, तिथे चूकही सर्वांत मोठी.

पातेलं सारखं शिजलेलं नसतं तेव्हा

शीत दाबण्याची युक्ती चालते कारण पातेल्यातला भात सगळीकडे साधारण सारखा शिजतो. कॉलरा, गोवर, उपासमार यांच्याबाबतीत हे बऱ्याच अंशी खरं असतं, कारण ते भागभर पसरतात. बाँब तसा पसरत नाही. एक मोहल्ला जमीनदोस्त होतो आणि शेजारच्यात दुकानं उघडी असतात.

२००४ साली इराकमध्ये हेच झालं. संशोधकांनी ३३ क्लस्टर निवडले, प्रत्येकी ३० घरं. त्यातला एक क्लस्टर फलुजा शहरात निघाला, आणि साऱ्या सर्वेक्षणात जेवढे हिंसेचे मृत्यू सांगितले गेले, त्यातले दोन-तृतीयांश त्या एकट्या क्लस्टरमध्ये होते. आता काय करायचं? तो धरला तर सबंध देशात फलुजा भरल्यासारखा आकडा येतो. वगळला तर जे सर्वांत भयंकर घडलं तेच हिशोबाबाहेर राहतं. त्यांनी मुख्य अंदाजातून फलुजा वगळला आणि तसं उघड सांगितलं. अंदाज आला: अमेरिकेच्या २००३च्या आक्रमणानंतरच्या जवळपास दीड वर्षात ९८,००० जादा मृत्यू, म्हणजे एरवी झाले असते त्यापेक्षा जास्त, पल्ला ८,००० ते १,९४,०००.

या पल्ल्यावर खूप टीका झाली. आठ हजार ते दोन लाख, याला काय अंदाज म्हणायचं? पण पल्ल्यातले सगळे आकडे सारख्याच शक्यतेचे नसतात. मधले जास्त संभवतात, टोकाचे कमी. शिवाय तो पल्ला म्हणजे संशोधकांचा गोंधळ नव्हता. मृत्यू देशभर किती विषम पसरले होते, याचंच ते माप होतं. अशा वेळी आकडा नेमका देणाऱ्यापेक्षा रुंद पल्ला देणाऱ्यावर माझा विश्वास जास्त बसतो.

रुंद पल्ल्यात फक्त नमुना लहान असल्याची चूक येते, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. घरं चुकीच्या पद्धतीनं निवडली गेली, तर ती चूक कुठल्याच पल्ल्यात दिसत नाही. त्याच इराकमध्ये २००६च्या जूनपर्यंतच्या काळाबद्दल दोन सर्वेक्षणं झाली. एकात सुमारे १,८५० घरं होती आणि हिंसेचे मृत्यू सुमारे सहा लाख निघाले. जागतिक आरोग्य संघटना आणि इराक सरकारच्या दुसऱ्या सर्वेक्षणात ९,३४५ घरं होती आणि मृत्यू निघाले १,५१,०००. दोघांचे पल्ले एकमेकांना शिवतही नाहीत. पहिल्या गटाच्या प्रमुखानं आपली पद्धत पुरेशी उघड केली नाही, असं जनमत-संशोधकांच्या अमेरिकी संघटनेनं २००९ साली जाहीरपणे म्हटलं. दुसऱ्या बाजूला, सरकारी माणूस दारात आल्यावर घरातला हिंसेचा मृत्यू सगळेच सांगतील का, हीही शंका रास्त आहे. मला दुसरा आकडा अधिक सावरलेला वाटतो, पण तोही कमी बाजूला झुकलेला असावा.

'एरवी'ची किंमत

इराकमध्ये वाद अंशाचा होता. काँगोत तो 'एरवी'चा झाला.

१९९८पासून पेटलेल्या काँगोच्या युद्धावर एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेनं २००० ते २००७ अशी पाच सर्वेक्षणं केली. शेवटचा निष्कर्ष असा, की ऑगस्ट १९९८ ते एप्रिल २००७ या काळात ५४ लाख माणसं जादा मेली. दुसऱ्या महायुद्धानंतरचं सर्वांत मोठं मनुष्यहानीचं युद्ध, असं तेव्हापासून जगभर लिहिलं गेलं. यातले बहुतेक जण गोळीनं मेले नव्हते. ताप, मलेरिया, जुलाब, न्यूमोनिया, कुपोषण. रस्ते तुटले, परिचारिका पळाल्या, सलाईन पोचलं नाही, म्हणून मेले.

'जादा' म्हणजे कशापेक्षा जादा? काँगोची शेवटची जनगणना १९८४ची. युद्धाआधीचा खरा मृत्युदर नोंदलेला नव्हता. म्हणून सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेची सरासरी घेतली: महिन्याला हजारी १.५. शेवटच्या सर्वेक्षणात प्रत्यक्ष दर सापडला २.२. फरक ०.७, हे जादा मृत्यू. टीकाकार म्हणाले, काँगो युद्धाआधीही आफ्रिकेच्या सरासरीपेक्षा दरिद्री होता, तिथला नेहमीचा दर २ धरा. मग फरक उरतो ०.२. अर्धा आकडा इकडचा तिकडे झाला आणि जादा मृत्यू एक-तृतीयांशाच्याही खाली आले. सहा कोटींच्या आसपासच्या देशात हजारी अर्धा म्हणजे महिन्याला तीस हजार माणसं, वर्षाला साडेतीन लाखांहून अधिक.

माझ्या मते टीका बरोबर होती आणि ५४ लाख हा आकडा सावधपणेच वापरायला हवा. पण त्या वादात एक गोष्ट नजरेआड होते. नेहमीचा दर २ असेल, तर शांततेच्या काळातही काँगोत वर्षाला हजारी चोवीस माणसं मरत होती, भारताच्या आजच्या दराच्या चौपट. 'एरवी मेलेच असते' म्हणून ज्यांना वजा करायचं, तीही बहुतेक टाळता येणारी मरणंच होती.

हा 'जादा मृत्यूं'चा हिशोब आपल्याला परका नाही. कोविडच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. सरकारी कोविड-मृत्यू त्या काळात ४ लाख ८१ हजारांच्या घरात होते. भारत सरकारनं या पद्धतीवर हरकत घेतली. दोन आकडे मुळात वेगळ्या गोष्टी मोजतात, एक दाखल्यावर कोविड लिहिलेले आणि दुसरा एरवीपेक्षा जास्त झालेले सगळे. पण दुसऱ्या लाटेत स्मशानाबाहेर रांगेत उभं राहिलेल्यांना ही दरी का पडते हे समजावून सांगावं लागत नाही.

दोन याद्या आणि त्यांतली सामाईक नावं

जिथे दारोदार जाणंच अशक्य, तिथे काय? अलीकडे एक जुनी युक्ती जास्त वापरली जाते. तळ्यातले मासे मोजायला प्राणिशास्त्रज्ञांनी ती काढली: काही मासे पकडून खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं आणि त्यात खुणेचे किती आले ते बघायचं.

माणसांच्या बाबतीत याद्या वापरतात. समजा एका वस्तीत कब्रस्तानाच्या राखणदाराकडे ६० मृतांची यादी आहे, दवाखान्याकडे ५० जणांची. नावं ताडून पाहिली तर ३० दोन्हीकडे आहेत. म्हणजे दवाखान्याला माहीत असलेल्या ५० पैकी ३०, साठ टक्के, राखणदाराला सापडले होते. राखणदार साठ टक्केच टिपत असेल, तर त्याचे ६० म्हणजे एकूण १०० मृत्यूंपैकी ६०. दोन्ही याद्या एकत्र केल्या तर नावं होतात ८०. उरलेले २० कुठल्याच कागदावर नाहीत, पण त्यांचा अंदाज बांधता येतो.

यात मेख अशी, की याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. दवाखान्यात गेलेल्याचंच नाव राखणदाराकडे जात असेल, तर सामाईक नावं फुगतात आणि अंदाज खाली येतो. म्हणून दोनाऐवजी तीन याद्या घेतात. गाझाबद्दल जानेवारी २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णालयांची यादी, आरोग्य मंत्रालयाच्या ऑनलाइन अर्जांतली यादी आणि समाजमाध्यमांवरचे शोकसंदेश अशा तीन याद्या होत्या. ३० जून २०२४पर्यंत जखमांमुळे झालेल्या मृत्यूंचा अंदाज निघाला ६४,२६०, पल्ला ५५,२९८ ते ७८,५२५. मंत्रालयाचा आकडा तेव्हा ३७,८७७ होता. हे फक्त जखमांचे मृत्यू; औषधावाचून गेलेला मधुमेही किंवा डायलिसिसवाचून गेलेला रुग्ण यात नाही.

सुदानच्या खार्तुम राज्यासाठीही असंच केलं गेलं. एप्रिल २०२३ ते जून २०२४ या काळात सर्व कारणांनी ६१,०००हून जास्त मृत्यू झाले असावेत आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक कुठेही नोंदलेले नसावेत, असा तो अंदाज आहे. 'नोंद नाही' आणि 'घडलं नाही' या दोन वाक्यांत किती माणसं मावतात, ते इथे दिसतं.

आकडा उशिरा येतो

मृत्युदराचा एक दोष कुठल्याही गणितानं सुटत नाही. तो मागचं सांगतो. नव्वद दिवसांची सरासरी आज हातात येते, तेव्हा तिच्यातली माणसं गेलेली असतात.

दुष्काळ, म्हणजे इथे नुसतं अवर्षण नव्हे तर माणसं मरू लागतील इतकी उपासमार, जाहीर करण्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांत तीन गोष्टी बघतात: किती घरांत अन्नाची टोकाची टंचाई, किती मुलं तीव्र कुपोषित आणि मृत्युदर, दहा हजारांत रोज दोन. सोमालियात २०११च्या जुलैमध्ये दुष्काळ जाहीर झाला. नंतर केलेल्या अभ्यासानुसार ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात तिथे सुमारे २,५८,००० माणसं जादा मेली, त्यातली १,३३,००० पाच वर्षांखालची मुलं. यातले जवळपास निम्मे मृत्यू घोषणेच्या आधीच होऊन गेले होते. पाऊस दोनदा हुकला होता, धान्याचे भाव चढले होते, गुरं मरत होती, हे सारं त्याआधी महिनोन्महिने कळत होतं.

गोम्यातही आकडा उशिरा आला, पण हातात पडल्यावर तो कामी आला. जिवांची हानी जवळजवळ पूर्णपणे जुलाबाच्या साथींमुळे, आधी कॉलरा आणि मग हगवण, हे स्पष्ट दिसलं. पाण्याचे टँकर, जलसंजीवनी, छावण्यांतून फिरून आजारी शोधणारी माणसं यांवर भर आला. दुसऱ्या महिन्यात दर रोज पाच ते आठवर उतरला. तोही आणीबाणीच्या रेषेच्या कितीतरी वरच होता, पण एका महिन्यात पस्तीसवरून आठवर येणं म्हणजे किती घरं वाचली, याचा हिशोब आता वाचकाला स्वतः करता येईल.

२०१७ साली सोमालियात पुन्हा पाऊस हुकला, तेव्हा मृत्युदर रेषेला भिडायची वाट न बघता मदत आधी हलली आणि दुष्काळ टळला. त्यानंतर २०२२. पाच पावसाळे ओळीनं कोरडे गेले. मदत पोचत राहिली, निकष शेवटपर्यंत पुरे भरले नाहीत, त्यामुळे दुष्काळ जाहीर झाला नाही. पुढच्या मार्चमध्ये अंदाज प्रसिद्ध झाला: त्या एका वर्षात सुमारे ४३,००० जादा मृत्यू, आणि त्यातली निम्मी बहुधा पाच वर्षांखालची मुलं.